हिमोग्लोबिन १०.४ : आकडा तोच, दुखणं वेगळं (सीबीसीतल्या तांबड्या पेशींच्या ओळी कशा वाचायच्या?)

काचपट्टी_परळ (धागाकर्ता)

पावसाळा लागला की सीबीसीचे (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट व्हॉट्सॅपवर फिरायला लागतात आणि नजर दोनच जागी जाते : प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन. प्लेटलेटवर इथे धाग्यांचा पाऊस पडून गेलाय. हा धागा हिमोग्लोबिनच्या खालच्या, सहसा कोणी न वाचणाऱ्या ओळींसाठी.

दोन रिपोर्ट समोर ठेवतो. बनवलेले आहेत, पण मुंबईतल्या कुठल्याही लॅबमध्ये एकाच सकाळी एकापाठोपाठ निघतील असे.

पहिला : हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी म्हणजे तांबड्या पेशींची संख्या ५.६ (दशलक्षांत), पीसीव्ही म्हणजे रक्तात पेशींचा टक्का ३४.७, एमसीव्ही ६२, एमसीएच म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन १८.६, आरडीडब्ल्यू १५.

दुसरा : हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी ४.३, पीसीव्ही ३३.५, एमसीव्ही ७८, एमसीएच २४.२, आरडीडब्ल्यू १८.५.

केमिस्टकडे गेलात तर दोघांच्या हातात लोहाची तीच बाटली पडेल. दुसऱ्याला तिचा उपयोग होईल. पहिल्याला बहुतेक नाही.

एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ८० ते १०० फेम्टोलिटर असायला हवं. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारांत किती असमानता आहे ते, साधारण १४.५ टक्क्यांपर्यंत ठीक. लोह कमी पडतं तेव्हा अस्थिमज्जेत कच्चा मालच नसतो, म्हणून पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात. शिवाय आधीच्या बऱ्या पेशी आणि नव्या किरकोळ पेशी एकाच वेळी फिरत असतात, म्हणून आरडीडब्ल्यू चढतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये लोह भरपूर असतं, ग्लोबिनची (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाची) साखळी बनवण्यातच जन्मापासून खोट असते. सगळ्या पेशी सारख्याच लहान, आणि मज्जा ती तूट संख्येने भरून काढते. म्हणून पेशी लहान पण आरबीसी ५ च्या वर, हे दिसलं की थांबायचं.

सोपा भागाकार : एमसीव्ही भागिले आरबीसी. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया मायनरकडे बोट, वर आला तर लोहाच्या कमतरतेकडे. पहिल्याचा ११, दुसऱ्याचा १८.

एचपीएलसी_वाली

धागा छान, पण मेंट्झरला इतकं डोक्यावर घेऊ नका. तो चाळणी आहे, निदान नव्हे. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि आपल्याकडे असतातच. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईला पाळीत जास्त रक्त जात असेल तर तिचं लोहही खाली जातं, आरबीसी उतरतो आणि भागाकार १४-१५ येऊन फसवतो.

क्रम असा ठेवा. आधी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा. १५ च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपलाय, वाद नाही. मात्र ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन आपोआप वर जातं, अशा वेळी ३०-४० सुद्धा संशयास्पद धरायचं. साठा रिकामा निघाला तर तो भरून घ्या आणि मग हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी) करा. कारण लोह कमी असताना ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा खाली दाबला जातो. ४ टक्क्यांच्या वर असला तर बीटा थॅलेसेमिया मायनर, ३.५ ते ४ ही कुंपणावरची जागा. अल्फा प्रकार एचपीएलसीत बहुधा दिसतच नाही, त्याला जनुक तपासणी लागते.

गरोदरपणात मात्र लोह भरायची वाट बघायची नाही, लगेच एचपीएलसी. बाई मायनर निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (या आजाराचं गंभीर रूप) असण्याची शक्यता २५ टक्के, आणि गर्भाची तपासणी १०-१२ आठवड्यांपासून करता येते. त्यापेक्षा लग्नाआधी केलेली बरी. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, म्हणजे उल्हासनगर, मुलुंड, घाटकोपरला हा प्रश्न पुस्तकातला नाही. पण 'आपण मराठी, आपल्यात नसतं' हेही खरं नाही.

कटिंग_प्रेमी

एक भाबडा प्रश्न. हिमोग्लोबिन ७-८ असलेल्या माणसाचाही ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. ऑक्सिजन पुरेसा आहे तर धाप का लागते?

काचपट्टी_परळ

@कटिंग_प्रेमी, भाबडा नाही, कोविडपासून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. ऑक्सिमीटर हिमोग्लोबिन किती आहे ते मोजतच नाही. आहे त्यातलं किती भरलेलं आहे, एवढंच सांगतो.

हिशेब करा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर १५ × १.३४ × ०.९८, म्हणजे १०० मिलि रक्तात १९.७ मिलि. हिमोग्लोबिन ७.५ असेल तर ९.८ मिलि. बोटावरचा आकडा दोन्हीकडे ९८. रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलि, म्हणजे पेशींशिवाय गाडा चालणारच नाही.

शरीर आरामात बसलेलं असताना दर १०० मिलि रक्तातून सुमारे ५ मिलि काढून घेतं. पहिल्याकडे १५ शिल्लक, दुसऱ्याकडे ५. बसून टीव्ही बघताना दोघं सारखेच. दादरचा पूल चढला की दुसऱ्याची शिल्लक संपते, मग हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. धडधड तीच.

चेंबूर_ईस्ट

भर घालतो. ऑक्सिमीटर आणखी एका ठिकाणी फसवतो, आणि तिथे जीव जातो : बंद न्हाणीघरातला गॅस गीझर. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस बेशुद्ध, आकडा ९९. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून आकडा बघून 'ठीक आहे' म्हणत घरी झोपवायचं नाही; दारं उघडा, बाहेर काढा, रुग्णालयात न्या. उरलेले हिमोग्लोबिनचे कप्पेही ऑक्सिजन सोडायला कुचराई करतात, त्यामुळे ३० टक्के विषबाधा ही ३० टक्के रक्तक्षयापेक्षा वाईट.

अकरावी_सायन्स

केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, तरी पेशी १२० दिवस जगते कशी? आणि केंद्रक टाकून मिळवते काय?

एचपीएलसी_वाली

जागा मिळवते. ७-८ मायक्रॉन रुंद, मध्ये दबलेली चकती. तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले. प्रत्येकावर ऑक्सिजनचे चार रेणू बसतात, आणि इथे लोकलच्या उलट नियम आहे : पहिला चढला की पुढच्यांना चढणं सोपं होतं. फुफ्फुसात झटपट भरणं आणि स्नायूंत झटपट रिकामं होणं, दोन्ही त्यामुळे जमतं. चकतीचा आकार असा की घेर सैल राहतो आणि पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते. गोल चेंडू असता तर अडकला असता.

मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे ती वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः खात नाही. ग्लुकोजचं लॅक्टेट करून तेवढ्यावर भागवते. त्याच वाटेवर २,३-बीपीजी नावाचं द्रव्य तयार होतं, जे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं. रक्तक्षयात ते वाढतं. हळूहळू हिमोग्लोबिन ७ वर आलेला माणूस चालत ओपीडीत येतो याचं एक कारण ते. तेच ७ अपघातात तासाभरात झालं तर चालणं सोडाच.

किंमत अशी की दुरुस्ती करता येत नाही. झिजलेलं एन्झाइम नवं बनवायला केंद्रक लागतं. आवरण ताठर होत जातं, आणि प्लीहेतल्या एक मायक्रॉनच्या आसपासच्या फटींतून जी पेशी पार होत नाही ती तिथल्या भक्षक पेशी गिळतात. लोह काढून परत मज्जेकडे, हीमचा (हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या भागाचा) उरलेला भाग बिलिरुबिन होऊन यकृताकडे. बदल्यात मज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या पेशी सोडते.

कार्बन डायऑक्साइडचं काम लोक विसरतात. त्यातला सुमारे ७० टक्के बायकार्बोनेट होऊन जातो, आणि ते रूपांतर घडवणारं एन्झाइम तांबड्या पेशीच्या आतच आहे.

व्हॅक्युटेनर

आता लॅबच्या बाजूने. वरचा सगळा भागाकार नमुना नीट असेल तरच. काय काय बिघडतं ते सांगतो.

दंडाला पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवला की पाणी बाहेर झिरपतं आणि हिमोग्लोबिन खोटं वर जातं. सलाइन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूला रक्त काढलं की उलट : सगळंच पातळ. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट एकदम एकाच प्रमाणात पडलेले दिसले तर आधी 'कुठल्या हातातून काढलं' विचारा.

जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध) असलेली ट्यूब खुणेपर्यंत भरायची. अर्धी भरली तर औषधाचं प्रमाण जास्त होऊन पेशी आक्रसतात. भरल्यावर ८-१० वेळा अलगद उलटसुलट करायची. सरबताच्या बाटलीसारखी हलवली तर पेशी फुटतात, अजिबात हलवली नाही तर बारीक गुठळी होते. सिरिंजमधून ट्यूबमध्ये सुईसकट दाबून सोडणं हा आणखी एक वाईट प्रकार.

मग प्रवास. मे महिन्यात विरारच्या कलेक्शन सेंटरवरून सकाळी निघालेली ट्यूब दुपारी मशिनवर चढते. खोलीच्या तापमानाला जास्त वेळ राहिल्या की पेशी पाणी पिऊन फुगतात, एमसीव्ही चढतो. तरी हिमोग्लोबिन टिकतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काचपट्टी मात्र ताज्या रक्ताचीच हवी, दोन ते चार तासांत. पेटीत बर्फाच्या लादीला ट्यूब थेट टेकवायची नाही, गोठली की पेशी फुटल्याच.

आणि घरी बसून करता येण्याजोगी परीक्षा : हिमोग्लोबिन गुणिले ३, साधारण पीसीव्ही यायला हवा. लहान पेशींत थोडं हुकतं, पण एमसीएचसी (पेशींमधल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३६-३७ च्या वर गेला असेल तर रोगापेक्षा नमुन्यावर आधी संशय घ्या. रक्तात चरबी जास्त असेल तर गढूळपणामुळे हिमोग्लोबिन खोटं वाढतं. थंडीने पेशी एकमेकींना चिकटत असतील तर मशिन चार पेशींना एक मोजतं : आरबीसी २, एमसीव्ही १२०, एमसीएचसी ४५ असले अशक्य आकडे. ट्यूब ३७ अंशांवर गरम करून पुन्हा लावली की सगळं जागेवर.

कटिंग_प्रेमी

धन्यवाद, आता हिशेब कळला. दुसऱ्या रिपोर्टवाल्याने गोळी कशी घ्यायची? रोज दोन सांगतात.

माहीम_खाडी

लेबलवर क्षाराचं वजन बघू नका, 'एलिमेंटल' लोह किती ते बघा. फेरस फ्युमरेटमध्ये ते ३३ टक्के असतं, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

रोज दोन गोळ्या म्हणजे दुप्पट फायदा, असं नाही. एक मोठी मात्रा पोटात गेली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते आतड्याचं दार सुमारे २४ तास ओढून घेतं. दुसरी गोळी बरीचशी वाया जाते आणि बद्धकोष्ठ, मळमळ मात्र पदरात. म्हणून हल्ली दिवसातून एकदाच, सौम्य कमतरतेत एकाआड एक दिवससुद्धा देतात. गरोदर बाईने किंवा हिमोग्लोबिन फार खाली असलेल्याने हे वाचून स्वतःची मात्रा बदलू नये.

तुमच्या नावावरूनच सांगावं लागतंय : गोळीच्या तासभर आधी-नंतर चहा नको. टॅनिन लोहाला धरून ठेवतं. दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्याशीही गाठ घालू नका. लिंबूपाणी चालतं. शौचाला काळपट होणार, ते अपेक्षित आहे. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं होत असेल तर तो आतला रक्तस्राव, गोळीला दोष देत बसू नका.

आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) वाढतात, तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोनने चढायला हवं. चढलं नाही तर गोळी बदलण्याआधी विचारा : घेतली का, चहाबरोबर घेतली का, रक्त अजून जातंय का, की मुळात पहिला रिपोर्टवाला आहे? आकडा बरोबर आल्यावरही तीन महिने चालू ठेवायची. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा रिकामाच असतो.

आणि मुख्य : पुरुषात, किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोह कमी निघालं तर 'पालक खा' हे उत्तर नाही. दोन मिलि रक्तात साधारण एक मिग्रॅ लोह असतं. आतड्यातून रोज १० मिलि गळत असेल तर ५ मिग्रॅ गेलं, आणि अन्नातून आत येतं १-२. कितीही जेवलात तरी हा ताळेबंद जुळत नाही. गळती शोधायची, दुर्बिणीने.

एचपीएलसी_वाली

+१, शेवटचा परिच्छेद चौकटीत टाकण्यासारखा. शाकाहारी मंडळींसाठी एक तळटीप : बी-१२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असलं की सरासरी ८८ येते, रिपोर्टात 'नॉर्मल', आणि फक्त आरडीडब्ल्यू २० वर बसून ओरडत असतो. काचपट्टीवर मग लहान आणि मोठ्या पेशी शेजारी शेजारी दिसतात.

चेंबूर_ईस्ट

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर जी-६-पीडी. मुंबईत व्हायव्हॅक्स मलेरिया नवा नाही, आणि यकृतात दडलेला परजीवी मारायला १४ दिवस प्रिमाक्विन देतात. जी-६-पीडी एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात : दोन-तीन दिवसांत लघवी कोका-कोलासारखी, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन धाडकन खाली. पारशी समाजात याचं प्रमाण जास्त आहे. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून झळ प्रामुख्याने पुरुषांना.

चाचणी औषधाआधी करायची. पेशी फुटून गेल्यावर केली तर उत्तर 'नॉर्मल' येऊ शकतं, कारण एन्झाइम कमी असलेल्या म्हाताऱ्या पेशी आधीच मेल्या आणि नळीत उरल्या त्या तरुण. अशा वेळी तीन महिन्यांनी पुन्हा.

अकरावी_सायन्स

बॉम्बे ब्लड ग्रुप हा खरंच मुंबईचा? की नुसतं नाव?

काचपट्टी_परळ

मुंबईचाच. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे वर्णन केला. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे, दुर्मिळ गटांचा गुंता आजही तिथे सुटतो.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर आधी 'एच' नावाची साखर बसते, तिच्यावर ए किंवा बी चढतात. काहीच चढलं नाही तर तो ओ. बॉम्बे गटात एचच नसतो, त्यामुळे साध्या तपासणीत तो ओ म्हणून निघतो. पण त्याच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात, आणि ओ पेशींवर एच सगळ्यात जास्त. ओ ची पिशवी लावली तर पेशी शिरेतच फुटतात. पकड उलट तपासणीत होते : रुग्णाचा रक्तद्रव आणि ओ पेशी एकत्र केल्यावर गुठळ्या दिसल्या की थांबा. एच-विरोधी लेक्टिनने (एचला चिकटणाऱ्या प्रथिनाने) खात्री करतात. याला रक्त फक्त बॉम्बे गटाचंच चालतं.

व्हॅक्युटेनर

पिशवीवरून : सॅगएम या पेशी टिकवणाऱ्या द्रावणातल्या पॅक्ड सेल (रक्तद्रव काढून घेतलेल्या तांबड्या पेशी) २ ते ६ अंशांवर ४२ दिवस टिकतात. पहिल्या दोन आठवड्यांत २,३-बीपीजी जवळजवळ संपतं, पण रुग्णाच्या शरीरात एक ते तीन दिवसांत परत येतं. रक्तपेढीतून आणलेली पिशवी वॉर्डच्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लावायची असेल तर अर्ध्या तासात सुरू करा, चार तासांत संपवा. त्याच नळीत फक्त नॉर्मल सलाइन. डेक्स्ट्रोजने पेशी फुगून फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने गुठळी होते. मोठ्या माणसात एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकने वाढतं. चार पिशव्यांनी एकने वाढलं तर रक्त कुठेतरी जातंय किंवा फुटतंय.

कटिंग_प्रेमी

शेवटचं विचारतो. मधुमेहाच्या एचबीए-वन-सी ला या पेशींशी काही देणंघेणं?

एचपीएलसी_वाली

पूर्ण देणंघेणं. पेशी जितके दिवस फिरते तितके दिवस तिच्या हिमोग्लोबिनवर साखर चढत राहते, म्हणून तो आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पेशी लवकर मरत असतील, किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर आकडा खोटा कमी. लोहाच्या कमतरतेत पेशी जास्त काळ रेंगाळतात, तेव्हा खोटा थोडा जास्त. गोळ्या सुरू केल्यावर नव्या पेशींची लाट आली की साखर तीच असूनही आकडा उतरतो आणि पथ्याला श्रेय मिळतं. अशा काळात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा.

रक्त चढवल्यानंतर थॅलेसेमियासाठी एचपीएलसी करायची असेल तरी हाच हिशेब : दात्याच्या पेशी संपेपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने थांबा. घाई असेल तर आईवडिलांचं रक्त तपासा.